फादरपण सोडलेल्या माणसाला धर्मपिता होता येतं का? (चर्चचा कायदा, आपले हक्क आणि बाप्तिस्म्याची वही)

धागाकर्ती: वहीवाली_वडगावशेरी

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आमच्या घरात एक बाप्तिस्मा ठरला. भाचीचं बाळ, पहिलंच. धर्मपिता म्हणून (म्हणजे बाळाच्या श्रद्धेची जबाबदारी घेऊन त्याच्यासोबत उभा राहणारा) तिने माझ्या धाकट्या चुलत्यांचं, आप्पांचं नाव सांगितलं. आप्पा सत्तरीला टेकलेत. पंधरा वर्षं ते फादर होते. १९९९ मध्ये त्यांचा रोमहून कागद आला, पुढच्या वर्षी त्यांनी चर्चमध्येच साधेपणाने लग्न केलं आणि तेव्हापासून ते पुण्यात आहेत. रविवारच्या मिस्साला (उपासनेला) कायम शेवटच्या बाकावर बसतात.

बाप्तिस्म्याच्या तयारीच्या बैठकीत कमिटीतले एक गृहस्थ सगळ्यांदेखत म्हणाले, "ज्यांनी झगा उतरवला त्यांना कसलं धर्मपिता करता? ते आपल्यातले राहिलेत का आता?" आप्पा काही बोलले नाहीत. उठले आणि बाहेर स्कूटरपाशी जाऊन उभे राहिले. आत्या म्हणाली, "जाऊ दे गं, दुसरं कोणी बघू." मला जाऊ द्यायचं नाही, म्हणून हा धागा.

मी अकरा वर्षं पॅरिशच्या, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या, ऑफिसात नोंदवह्या सांभाळते. आपलं चर्चमधलं स्थान काय, हे समजून घ्यायचं असेल तर उपदेशाआधी बाप्तिस्म्याची वही बघावी. लांबट, जाड पुठ्ठ्याची. एका माणसाला एक ओळ: जन्म, बाप्तिस्मा, आईवडील, धर्मपिता-धर्ममाता, कोणी दिला, कुठे दिला. उजवीकडे शेवटी एक रुंद रकाना असतो, तो त्या दिवशी कोराच राहतो. पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा, श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालं की तिथे नोंद. लग्न झालं की नोंद. गुरुदीक्षा (धर्मगुरू होण्याची दीक्षा) झाली, सिस्टरांनी कायमची व्रतं घेतली, तरी तिथेच नोंद. माणूस दुबईत लग्न करो नाहीतर गुवाहाटीत दीक्षा घेवो, तिथून कागद त्याच्या बाप्तिस्म्याच्या गावी यायचा आणि कुणीतरी ती ओळ शोधून भरायची. हे कॅनन लॉचं, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं, ५३५ वं कलम. लग्नाच्या वेळी तुमच्याकडे वीस वर्षांपूर्वीचा दाखला असला तरी ताजा आणायला सांगतात ना? त्याचं कारण हा रकाना. मधल्या काळात त्यात काय भरलं गेलं, ते बघायचं असतं.

त्या वहीत ओळ खोडायची सोय नाही. फक्त भर पडते.

कायदाही तेच म्हणतो. आत्ताचा कॅनन लॉ पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ जानेवारी १९८३ ला जाहीर केला, त्याच वर्षी २७ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. एकूण १७५२ कलमं. ९६ वं कलम सांगतं की बाप्तिस्म्याने माणूस चर्चमध्ये सामावला जातो आणि चर्चच्या दृष्टीने 'व्यक्ती' होतो, हक्क आणि कर्तव्यं असलेली व्यक्ती. ८४५ वं कलम म्हणतं की बाप्तिस्मा, दृढीकरण आणि गुरुदीक्षा एका माणसाला दोनदा देता येत नाहीत, कारण त्यांची खूण आत्म्यावर कायमची राहते.

आता आप्पांचं. आपल्यात सर्रास म्हणतात, "त्यांनी फादरपण सोडलं." कायद्याच्या भाषेत नीट म्हणायचं तर त्यांचा 'क्लेरिकल स्टेट' गेला, म्हणजे धर्मगुरुवर्गातलं स्थान गेलं. २९० वं कलम पहिल्याच वाक्यात सांगतं की रीतसर झालेली दीक्षा कधीही रद्द होत नाही. स्थान मात्र तीन वाटांनी जातं. दीक्षाच मुळात झाली नव्हती असा निर्णय लागला तर, शिक्षा म्हणून काढलं तर, किंवा रोमने लेखी परवानगी दिली तर. आप्पांची वाट तिसरी. ब्रह्मचर्याच्या बंधनातून मोकळीक वेगळी लागते आणि ती फक्त पोप देतात (कलम २९१). आप्पांना दोन्ही मिळालं. ते पळून गेलेले नाहीत, त्यांना कुणी हाकललेलं नाही. ते आज प्रापंचिक आहेत. तुमच्यामाझ्यासारखे.

धर्मपित्याच्या अटी ८७४ व्या कलमात आहेत: साधारणपणे सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण झालेलं, ख्रिस्तप्रसाद (मिस्सातली पवित्र भाकर) घेतलेला, श्रद्धेला धरून जगणारा कॅथलिक, अंगावर चर्चची शिक्षा नसलेला, आणि बाळाचा आई किंवा बाप नसलेला. माजी धर्मगुरू चालणार नाही, असं त्यात कुठेही नाही.

फादरांशी मी बोलणार आहेच. त्याआधी विचारते, तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं झालंय का? काय केलंत?

---

खराडीकर: मी ख्रिस्ती नाही, पण रामवाडीजवळ राहतो. पेपल सेमिनरीतली (फादर व्हायला शिकणारी) मुलं रोज दिसतात, सगळे त्यांना 'ब्रदर' म्हणतात. ते धर्मगुरूच ना? आणि शाळेतल्या सिस्टर? त्या कुठल्या वर्गात?

---

वहीवाली_वडगावशेरी: @खराडीकर, फार चांगला प्रश्न, यात आमच्यातलेही गोंधळतात.

सेमिनरीतले ब्रदर डीकन (फादर होण्याआधीची पायरी) होईपर्यंत प्रापंचिकच. २६६ व्या कलमानुसार डीकनची दीक्षा झाली की माणूस धर्मगुरुवर्गात जातो. पूर्वी डोक्यावरचे थोडे केस कापून 'टॉन्शर' करायचे आणि तिथूनच तो वर्ग सुरू व्हायचा. पोप पॉल सहावे यांनी १९७२ मध्ये ती पद्धत बंद केली. ही सेमिनरी १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आली. म्हणजे तिथल्या सुरुवातीच्या मुलांना पहिल्या काही वर्षांतच तो वर्ग मिळायचा, आताच्यांना डीकन होईपर्यंत थांबावं लागतं.

सिस्टर धर्मगुरुवर्गात नाहीत. कितीही वर्षं व्रतात असोत, मोठ्या कॉन्व्हेंटच्या सुपीरियर असोत. व्रतस्थ जीवन हे स्वतःहून ना धर्मगुरूंचं ना प्रापंचिकांचं, असं ५८८ वं कलम म्हणतं. दीक्षा फक्त बाप्तिस्मा झालेल्या पुरुषाला (१०२४). याबद्दल माझ्या मनात काय आहे ते इथे लिहीत नाही, धागा तिकडेच जाईल. एक मात्र सांगते. वाचक आणि वेदीसेवक ही कायमची सेवापदं जानेवारी २०२१ पर्यंत कायद्याने फक्त पुरुषांना होती. पोप फ्रान्सिस यांनी २३० वं कलम बदललं, आता ती बायकांनाही मिळतात. आमच्याकडे बायका वाचन कित्येक वर्षं करत होत्याच, पण 'चालवून घेतलेलं' आणि 'कायद्याने दिलेलं' यातला फरक जिच्यावर बेतलं तिला विचारा.

---

येरवडा_ते_कॅम्प: ताई, तुमच्या आप्पांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण त्या गृहस्थांची बाजू थोडी मांडतो. रोमच्या कागदात अटी असतात ना? मिस्सा करायची नाही, प्रवचन द्यायचं नाही, सेमिनरीत शिकवायचं नाही. लोकांच्या डोक्यात तेच बसलेलं असतं, 'यांना मनाई आहे'. कशाची, ते कुणी सांगत नाही.

---

वहीवाली_वडगावशेरी: बरोबर. अटी असतात आणि आप्पा त्या सगळ्या पाळतात. ख्रिस्तप्रसाद वाटायलाही ते उभे राहत नाहीत. पण मनाई ठरावीक गोष्टींची असते, माणसाची नसते. पुन्हा त्या मनाईलाही एक अपवाद आहे, तो वाचून मला पहिल्यांदा रडू आलं होतं. कुणी मरणाच्या दारात असेल तर कुठलाही धर्मगुरू, स्थान गेलेला असला तरी, त्याचा पापनिवेदन संस्कार ऐकून पापमुक्ती देऊ शकतो, आणि ती पूर्णपणे कायदेशीर (९७६, २९२). उद्या नगर रोडवर कुणाला ट्रकने उडवलं आणि तिथे आप्पांशिवाय कुणी नसलं, तर चर्च त्या माणसाला आप्पांच्या हाती सोपवतं. मग त्याच आप्पांना बाळाला हातात घेऊन उभं राहायला कोण अडवणार?

---

नगरची_लेक: ताई, मी राहुरीकडची, आता विश्रांतवाडीला. तुम्ही हक्कांचं म्हणालात म्हणून लिहिते.

आमच्या आजोबांच्या वेळी गावात पाणवठा वेगळा होता. मिशनच्या शाळेत आले तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी त्यांना सगळ्यांबरोबर एका चटईवर बसवलं. तीन वर्षांपूर्वी मी एका शिबिरात २०८ वं कलम वाचलं. बाप्तिस्म्यामुळे सगळ्या श्रद्धावंतांची प्रतिष्ठा सारखी, काम प्रत्येकाचं आपापल्या परीने वेगळं. मला वाटलं आजोबांना हे वाचून दाखवायला हवं होतं. ते १९९० मध्येच गेले.

आणि तरी कमिटीत कुणाचं चालतं, आडनाव बघून कोण कुठे बसतं, हे आपल्याला माहीत आहेच. कलम छान आहे. ते कमिटीच्या खोलीत कुणी आणायचं?

---

वकील_शिवाजीनगर: @नगरची_लेक, तुमच्या मुद्द्याला जोडून एक गंभीर गोष्ट, कारण इथे पुष्कळ जण अंधारात असतात.

चर्चच्या वहीतली ती ओळ सरकारी कामात पुरावा म्हणून उभी राहू शकते. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात हिंदूंना स्थान होतं, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीतल्या एका बाईंचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा सुप्रीम कोर्टाने फेटाळला. त्यात त्यांचा बाप्तिस्मा आणि चर्चला नियमित जाणं, दोन्ही विचारात घेतलं गेलं. अन्याय आहे की नाही हा वेगळा वाद, पण 'चर्चचं चर्चमध्ये' असं म्हणून चालत नाही.

उलट्या दिशेनेही सांगतो. चर्चच्या ट्रिब्युनलने (चर्चच्या स्वतःच्या न्यायालयाने) लग्न मुळातच शून्य होतं असं ठरवलं, तरी सरकारदरबारी ते लग्न उभंच असतं. त्यासाठी १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली कोर्टाचा हुकूम लागतो. सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये हे स्पष्ट केलं, २०१७ मध्ये पुन्हा एक याचिका फेटाळली. माझ्याकडे लोक ट्रिब्युनलचा कागद घेऊन येतात, दुसऱ्या लग्नाची तारीख ठरवून. कृपा करून असं करू नका, द्विभार्याचा गुन्हा लागू शकतो.

आणि व्रतस्थांबद्दल: अनुदानित शाळेत शिकवणाऱ्या सिस्टर आणि फादर यांच्या पगारावर टीडीएस कापायचा की नाही, हा वाद कित्येक वर्षं चालला. म्हणणं असं होतं की गरिबीचं व्रत घेतल्यावर कॅनन लॉच्या दृष्टीने त्यांचा 'नागरी मृत्यू' होतो, पगार त्यांचा नसतोच, संस्थेचा असतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने सांगितलं, पगार त्यांच्या नावे निघतो, कर कापला जाईल.

---

मल्लू_दापोडी: मी जन्माने सिरो-मलबार (केरळकडचं पौर्वात्य कॅथलिक चर्च), पण बावीस वर्षं पुण्यात लॅटिन, म्हणजे रोमन पद्धतीच्या, चर्चलाच जातो. मराठी मिस्सासुद्धा पाठ झालीय. मी आता लॅटिन झालो ना?

---

वहीवाली_वडगावशेरी: नाही हो दादा! ११२ वं कलम अगदी तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. दुसऱ्या विधीने कितीही वर्षं संस्कार घेतलेत तरी आपलं चर्च बदलत नाही. पौर्वात्य चर्चना १९९० ची वेगळी संहिता आहे. महाराष्ट्रातल्या सिरो-मलबार लोकांसाठी १९८८ मध्ये कल्याणचा धर्मप्रांत झाला. मुलांचं बघा: आई लॅटिन आणि तुम्ही सिरो-मलबार असाल, दोघांचं लॅटिनवर एकमत झालं तर मूल लॅटिन, नाही झालं तर बापाच्या चर्चमध्ये (१११). मुलीच्या लग्नाच्या वेळी हे निघतं आणि धावपळ होते, म्हणून आत्ताच तिच्या ओळीत काय लिहिलंय ते बघून घ्या.

---

निनावी_पिंपरी: माझा अनुभव लिहितो, पॅरिशचं नाव घेणार नाही. लग्नासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. ऑफिसात सांगितलं, आधी तीन वर्षांची वर्गणी भरा, मग दाखला. वडिलांचं कंपनीतलं काम सुटलं होतं, हप्ते थकलेले. आई दोनदा हात हलवत परत आली. शेवटी मामांनी पैसे भरले. हे कायद्यात बसतं का?

दुसरं, आम्ही भाड्याने राहतो, अकरा महिन्यांचा करार, दर वर्षी घर बदलतं. प्रत्येक ठिकाणी "तुम्ही आमच्या पॅरिशचे नाही" असं ऐकायला मिळतं. मग मी कुठला?

---

वहीवाली_वडगावशेरी: @निनावी_पिंपरी, मी स्वतः त्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसते, म्हणून तुमच्या आईची माफी मागते. कुठल्या का पॅरिशमध्ये झालं असेना.

नाही, बसत नाही. चर्चच्या गरजांना हातभार लावणं आपलं कर्तव्य आहे (२२२), मी ते नाकारत नाही, छप्पर गळतं तेव्हा पैसे लागतातच. पण दाखला हा त्या कर्तव्याचा बंधक नव्हे. स्वतःच्या स्थानाबद्दलच्या कागदाची प्रत मिळणं हा हक्क आहे. बिशपांच्या दप्तराबद्दल ४८७ वं कलम हे सरळ लिहितं. आणि गरिबीमुळे कुणाला संस्कारांपासून वंचित ठेवू नये, हे ८४८ व्या कलमात आहे.

तुम्ही कुठले? नावनोंदणीचं कार्ड ही सोयीची पद्धत, स्थान त्यावर ठरत नाही. राहण्यावर ठरतं. कायम राहायच्या इराद्याने आलात किंवा पाच वर्षं पूर्ण झाली की तिथे तुमचं 'डोमिसाइल'. आणि तीन महिने राहायचा इरादा असला, किंवा तीन महिने राहून झाले, तरी 'क्वासी-डोमिसाइल' मिळतं (१०२). दोन्हींनी तिथले फादर तुमचे फादर होतात (१०७). तुमच्या अकरा महिन्यांच्या करारात तीन महिने आरामात बसतात. पुढच्या वेळी कुणी "आमचे नाही" म्हटलं तर घरमालकाबरोबरचा करार दाखवा.

लेखी निर्णयाने अन्याय झाला असं वाटलं तर मुदती लक्षात ठेवा. निर्णय कळल्यापासून दहा दिवसांत त्यांनाच लिहून फेरविचार मागायचा. तीस दिवसांत ऐकलं नाही तर पंधरा दिवसांत वरच्याकडे दाद (१७३४ ते १७३७). तोंडी भांडणं वर्षानुवर्षं चालतात आणि कुठे पोचत नाहीत. कागदावर लिहा, पोच घ्या.

---

औंधचा_नास्तिक: मी लहानपणी बाप्तिस्मा झालेला, आता विश्वास नाही. रागावू नका, पण मला माझं नाव वहीतून काढायचंय. तुम्ही म्हणता खोडता येत नाही. माझ्या मताला काही किंमत?

---

वहीवाली_वडगावशेरी: रागावत नाही. प्रामाणिकपणे विचारलंत, तसंच सांगते.

ती ओळ म्हणजे घडलेल्या गोष्टीची नोंद. तुमच्यावर पाणी ओतलं गेलं हे खरं आहे, ते न घडल्यासारखं कुणालाच करता येत नाही. तुम्ही लेखी कळवलंत तर त्याची नोंद रकान्यात होऊ शकते. १९८३ च्या कायद्यात लग्नाच्या काही कलमांत 'रीतसर चर्च सोडलेला' असा अपवाद होता, पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ मध्ये तो काढला. श्रद्धा सोडणाऱ्याला चर्चची शिक्षा लागते (१३६४), पण बहिष्कृत माणूसही बाप्तिस्मा झालेलाच राहतो, आणि परत यायचं झालं तर पुन्हा बाप्तिस्मा लागत नाही.

तुमच्या मताला किंमत आहे, मी असं मानते. कुणालाही जबरदस्तीने आत ओढू नये, असंच कायदाही म्हणतो (७४८). तुमची वही मात्र माझ्यासारखं कुणीतरी सांभाळत राहील.

---

सुमन_मावशी_कसबा: आमच्या जावयाचं घराणं मुक्तिफौजेचं (साल्वेशन आर्मी). लग्नाच्या वेळी फादर म्हणाले वेगळी परवानगी लागेल. ते पण ख्रिस्तीच की! आम्हाला वाईट वाटलं होतं.

---

वहीवाली_वडगावशेरी: मावशी, यात अपमान नव्हता, खरंच. मुक्तिफौजेत बाप्तिस्मा देतच नाहीत. म्हणून कायद्याच्या दृष्टीने तो बाप्तिस्मा न झालेल्याशी विवाह, त्याला १०८६ खाली सूट लागते, नाहीतर लग्न ग्राह्यच धरलं जात नाही. जावई सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे) असते तर त्यांचा बाप्तिस्मा चर्च मानतं, मग साधी परवानगी पुरली असती (११२४). माणूस किती श्रद्धाळू आहे हा प्रश्नच नसतो, पाणी ओतलं गेलं का एवढाच असतो. पण फादरांनी हे समजावून सांगितलं असतं तर तुम्हाला इतकी वर्षं सल राहिली नसती.

---

येरवडा_ते_कॅम्प: ताई, आप्पांचं काय झालं? तीन आठवडे झाले.

---

वहीवाली_वडगावशेरी: सांगते.

फादरांकडे गेले, ८७४ आणि २९० ची पानं घेऊन. त्यांनी वाचलीही नाहीत. म्हणाले, "मला माहीत आहे. आप्पांचा ताजा दाखला मागवा म्हणजे कुणाचं तोंड उघडणार नाही."

आप्पांचा बाप्तिस्मा गावाकडचा, १९५६ चा. तेव्हा ते गाव पुणे धर्मप्रांतात होतं, १९८७ पासून नाशिकमध्ये. वही तिथेच आहे. तिथल्या फादरांनी दाखला पाठवला आणि मी विनंती केली म्हणून त्या ओळीचा फोटोही. शाई फिकट तपकिरी झालीय. आप्पांचं नाव, आजी-आजोबांचं नाव. आणि शेवटच्या रकान्यात चार वेगवेगळ्या अक्षरांत चार नोंदी: दृढीकरण. गुरुदीक्षा, १९८४. रोमची परवानगी, १९९९. विवाह, २०००. जागा संपली म्हणून शेवटची नोंद उभी लिहिलीय.

आप्पांनी फोन हातात घेतला आणि फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. पंधरा वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या ओळी भरल्या, स्वतःची कधी पाहिली नव्हती.

बाप्तिस्मा परवाच्या रविवारी झाला. ते कमिटीवाले गृहस्थही आले होते, बाळाच्या हातात त्यांनी पाकीट ठेवलं. संध्याकाळी ऑफिसात मी बाळाची ओळ लिहिली. जन्म, तारीख, आईवडील, आणि धर्मपित्याच्या रकान्यात आप्पांचं पूर्ण नाव. त्यांना दाखवायला वही फिरवली. त्यांनी चष्मा लावला, ओळीवरून बोट फिरवत शेवटपर्यंत गेले आणि म्हणाले, "बाप्तिस्मा कोणी दिला ते राहिलंय बघ."

राहिलंच होतं. मी लिहिलं.